मदत हवी आहे: टॅकोमाला तीन इंच लिफ्ट करू का? आणि रेशो ४.८८ की ५.२९?

डोंगरभैरू

नमस्कार मंडळी. इथले गाड्यांचे धागे बहुतेक "कुठली घेऊ" यावरच असतात, माझा प्रश्न घेऊन झाल्यानंतरचा आहे. सांभाळून घ्या.

मुक्काम डेन्व्हर. गाडी २०१७ची टोयोटा टॅकोमा पिकअप, टीआरडी ऑफ-रोड मॉडेल, ३.५ लिटर व्ही-६, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. डिफरन्शियलचा रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा, जास्त तितका जोर जास्त) मूळचाच, ३.९१. टायर होते २६५/७०आर१६. मार्चमध्ये ऑफिसातला एक जण गाव सोडून चालला होता, त्याने २८५/७०आर१७चे पाच टायर रिमसकट जवळजवळ फुकटात दिले. फुकट ते पौष्टिक म्हणून त्याच शनिवारी चढवले आणि डोक्याला ताप करून घेतला.

रिव्हर्समध्ये फुल कट मारला की डावा टायर मागे कॅब माउंटला (केबिन फ्रेमला जोडणारा कंस) घासतो. आवाज असा की कुत्र्याला फिरवणारे शेजारचे आजोबा थांबून बघतात. काल खाली वाकून पाहिलं तर माउंटच्या कडेचा काळा रंग बोटभर उडून लोखंड दिसतंय.

दुसरं दुखणं आय-७० हायवेवर. जॉर्जटाउन सोडून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागलं की सहावा गिअर विसरायचा, आणि पाचवा-चौथा-पाचवा-चौथा असा लपंडाव बोगद्यापर्यंत. मायलेज गॅलनला १९.५ मैलांवरून १६.५ वर आलं.

जुलैत बर्फ हटला की इमोजीन पास (१३,११४ फूट) करायचाय, यूरेकडून चढून टेल्युराइडला उतरायचं. एका दुकानात विचारलं. माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि लिहून दिलं: समोर गाडी तीन इंच उचलणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र), अप्पर कंट्रोल आर्म (चाक धरणारा वरचा दांडा), मागे नवीन पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), दोन्ही डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) ५.२९. एकूण ६,८०० डॉलर. बायकोला आकडा सांगितला, ती फक्त "बरं" म्हणाली. लग्न झालेल्यांना या "बरं"चा अर्थ सांगायला नको.

तर, तीन इंच खरंच लागतात का? रेशो कुठला? आणि दोन्ही एकदम झेपणार नाही, तर आधी काय करू?

त्रैराशिक

आधी हिशेब मांडू. जुना टायर ३०.६ इंची, नवा ३२.७. म्हणजे जवळजवळ सात टक्के मोठा. त्यामुळे तुमचा ३.९१ आता ३.६६ सारखा वागतोय. मूळचा जोर परत मिळवायला साधारण ४.१८ लागेल, त्याच्या पुढचं सगळं वरकड. ४.८८ टाकलात तर कंपनीतून निघालेल्या गाडीपेक्षा १७ टक्के जास्त जोर, ५.२९ ला २७ टक्के.

ताशी ६५ मैलांना सहाव्या गिअरात मूळ गाडी १,६०० आरपीएमच्या आसपास फिरत होती, आत्ता १,५००. ४.८८ ला १,९०० होतील, ५.२९ ला २,०५०. या इंजिनाचा २६५ पौंड-फूट टॉर्क येतो ४,६०० ला. १,५०० वर त्याच्याकडे चढ मागायचा म्हणजे झोपलेल्या माणसाला गोणी उचलायला सांगायची. तो लपंडाव त्यामुळेच.

पण सगळं खापर टायरवर फोडू नका. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद गमावतं. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. २७८ हॉर्सपॉवरपैकी तिथे पोचेपर्यंत १८५ च्या आसपास उरतात. ते कुठल्याही रेशोने परत येत नाहीत, रेशो फक्त उरलेले नीट वापरू देतो.

आणि मायलेजचं रडगाणं पूर्ण खरं नाही. ओडोमीटर अजून जुन्या टायरच्या हिशेबाने मैल मोजतोय. तुमचे १६.५ म्हणजे प्रत्यक्षात १७.६. स्पीडोमीटर ६५ दाखवतो तेव्हा तुम्ही साडेएकोणसत्तरने जात असता. पोलिसाने अडवल्यावर हे त्रैराशिक ऐकवून उपयोग होत नाही, स्वानुभव.

पाना_पक्कड

दुकानदाराने फेरी मारली, पण गाडीखाली वाकला का?

लिफ्टने फ्रेम, कॅब, बंपर वर जातात. मागच्या डिफचा गोळा जिथल्या तिथे राहतो, कारण तो ॲक्सलवर आहे. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तुमच्या टायरने तो एक इंच वर गेलाय. म्हणजे दगडावर आपटणारी सगळ्यात खालची वस्तू तीन इंच लिफ्ट करूनही तिथेच राहणार.

तुमचं घासणंही लिफ्टने जाणार नाही. कट मारल्यावर टायर मागे माउंटकडे जातो, वरच्या दिशेला नाही. इलाज दोन. अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) वाढवून चाक जमेल तितकं पुढे आणायला सांगा. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर थोडं मिळतं, अप्पर आर्म बदलले की आणखी मिळतं. त्यानेही भागलं नाही तर माउंटचा कोपरा कापून वर पत्रा वेल्ड करायचा. या मापाच्या टायरला बहुतेकांना तेच करावं लागतं. रिमचा ऑफसेट (बसण्याची जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलीय ते) किती आहे? शून्य असेल तर टायर बाहेर आलेला असतो आणि वळताना मोठा गोल घेतो.

आता तीन इंचांबद्दल. समोर सस्पेन्शन स्वतंत्र आहे. जितकं उचलाल तितका सीव्ही शाफ्टचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो. फाटला की रिमच्या आतल्या बाजूला कुणी ग्रीस फवारल्यासारखं दिसतं. शिवाय उंची स्प्रिंग दाबून मिळवलेली असेल तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्ड्यावरून जाताना चाक लटकून "ठक्क" असं वाजतं. ऑफ-रोडला नेमकी खाली जाणारीच जागा हवी असते! दोन, फार तर अडीच इंचांवर थांबा. मागे प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, नुसतं उचललं आणि मधलं बेअरिंग खाली घेतलं नाही तर सिग्नलवरून निघताना ताशी वीस मैलांच्या आत-बाहेर गाडी थरथरते.

स्प्रिंग निवडताना उंची नाही, वजन बघा. पुढे लोखंडी बंपर, विंच आहे का? नसेल आणि जड स्प्रिंग घेतलीत तर गाडी बैलगाडीसारखी आदळेल. आणि लिफ्ट केली म्हणून पेलोड वाढत नाही, दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर म्हणतो तेवढाच राहतो.

मीठभाकर

आम्ही ग्रँड जंक्शनला असतो. इमोजीन गेल्या वर्षी केला, अजिबात काही न बदललेल्या टोयोटा फोररनरने. फोर-लो (फोर बाय फोरचा सगळ्यात हळू, जोरदार टप्पा), पहिला गिअर, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली, बास. हवा उतरवल्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या लिफ्टने पडला असता असं वाटत नाही. मला भीती वाटली ती दगडांची नाही, अरुंद जागी समोरून एक जीप आली आणि कुणीतरी मागे घ्यायचं ठरलं त्याची. त्या वेळी उंच गाडी नको वाटते. रिव्हर्समध्ये तुमचा टायर घासतो म्हणताय, ते आधी निस्तरा.

सह्यकडा

अवांतर: आम्ही पुण्यात इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेऊन हे सगळं चवीने वाचतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर २०१९ साली आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, यामुळे आरसीवरच्या तपशिलाबाहेर काही केलं की आरटीओत उत्तरं द्यावी लागतात. डिफचा रेशो बदलायचा विचारसुद्धा इथे चैन वाटतो. चालू द्या.

डोंगरभैरू

सगळ्यांचे आभार. विंच नाही, बंपर मूळचाच. रिमवर मागच्या बाजूला शून्य कोरलंय, म्हणजे पाना_पक्कड यांचा अंदाज बरोबर.

एक गोष्ट लिहायची राहिली. मेमध्ये आई येतेय सहा महिन्यांसाठी. वय ६८, गुडघे दुखतात, साडीशिवाय दुसरं काही नेसणार नाही. पायरी टायरमुळे आधीच एक इंच वर गेलीय. त्यात आणखी तीन म्हणजे देवळात जायला तिला रोज मी उचलून बसवायचं! तेव्हा तीन इंच कटाप.

रेशोचं मात्र अजून ठरत नाही. दुकानदार म्हणाला, एकदाच खर्च करताय तर सरळ ५.२९.

पाना_पक्कड

पुढे ३५ इंची टायर घालणार असाल तर ५.२९. नसाल तर ४.८८. ५.२९ म्हणजे ३७ भागिले ७, पिनियनला (डिफमधल्या छोट्या गिअरला) सातच दात. ४.८८ म्हणजे ३९ भागिले ८. पिनियन छोटा तितका नाजूक.

फोर-लोमधला हिशेबही बघा. पहिला गिअर ३.६०, ट्रान्सफर केस (फोर-लो देणारा गिअरबॉक्स) २.५७, डिफ ३.९१, गुणाकार ३६. मोठ्या टायरने तो ३४ सारखा झाला. ४.८८ ने ४२ होईल. ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर मदतीला असतो, इमोजीनला ३४ सुद्धा पुरतील.

आणि गिअर कोण बसवतो त्याला किमतीपेक्षा जास्त महत्त्व द्या. माझ्या जुन्या गाडीचं काम एका स्वस्त दुकानात केलं होतं. तीनशे मैलांत ताशी ४५ ते ५५ मैलांच्या दरम्यान "हूं" असा आवाज यायला लागला, ॲक्सिलरेटर सोडला की बंद. दुसरीकडे कव्हर उघडलं, त्या माणसाने दातांना पिवळा रंग लावून क्राउन (डिफमधला मोठा गिअर) फिरवला आणि मला जवळ बोलावलं. ठसा दाताच्या मधोमध उमटायला हवा, तो पार टोकाला, चंद्रकोरीएवढा. शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) चुकीची पडली होती. सेट भंगारात गेला. तेव्हा ठशाचा फोटो मागा, देणारा देतो. पुढचा-मागचा दोन्ही एकाच वेळी, एकाच रेशोचे, नाहीतर फोर बाय फोर लावल्याबरोबर ते एकमेकांशी भांडतील. पहिले ५०० मैल नरमाईने, मग डिफचं तेल बदला.

पण त्याआधी फुकटातलं करून बघा. डॅशबोर्डवर ईसीटी पॉवर बटण (गिअर उशिरा बदलायला लावणारं) आहे ना? चढाला ते दाबा, लिव्हर एसमध्ये (गिअरची मर्यादा हाताने ठरवायचा मोड) घेऊन चौथ्यावर धरा.

डोंगरभैरू

दहा दिवसांनी परत आलो. शनिवारी बोगद्यापर्यंत जाऊन आलो, बटण दाबून, चौथ्यात. लपंडाव बंद! आवाज वाढला, पण गाडी एका सुरात चढली आणि दोन ट्रक मागे टाकले. इतकी वर्षं ते बटण मी सीट गरम करण्याचं समजत होतो, हे बायकोला सांगू नका.

अलाइनमेंटने घासणं निम्म्यावर आलं, उरलेल्यासाठी माउंट कापून घेणार. इमोजीन याच रेशोवर. ४.८८ दिवाळीनंतर, आई परत गेली की. समोर-मागे दोन इंचांची लिफ्ट मात्र जूनमध्ये करायची म्हणतोय, आईसाठी घडीचं स्टूल आणून ठेवलंय. शेवटचा प्रश्न: मागचे पाटे लाइट की मीडियम?

पाना_पक्कड

मागे कॅनॉपी, फ्रिज, असलं कायमचं वजन टाकणार असाल तर मीडियम. गाडी रिकामीच फिरणार असेल तर लाइट. मीडियमवर रिकामी गाडी चालवलीत तर आईंच्या गुडघ्यांबरोबर कंबरही धरेल. आणि ५०० मैलांनी यू-बोल्ट परत टॉर्क करून घ्या, नवे पाटे बसले की ते सैल पडतात.