मदत हवी आहे: मागच्या पडवीची समुद्र दिसणारी खोली करायची आहे (हर्णैजवळ)

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात हर्णैजवळ आमचं जुनं चिऱ्याचं, कौलारू घर आहे. तोंड पूर्वेला, समुद्र पाठीमागे. मागच्या पडवीत लाकडं, नारळाची सोडणं आणि बाबांची बंद पडलेली मोपेड. तिथेच घडवंचीवर चढलं की माडांच्या मधून समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट दिसतो. इतकी वर्षं हा देखावा सोडणांच्या वाट्याला! गुडघ्यांमुळे आईला आता पुळणीवर जाववत नाही, म्हणून त्या पडवीची दहा बाय चौदाची खोली करायचं मनात आहे.

बाबा म्हणतात, "जुनी माणसं समुद्राला पाठ करून बसली ती काय उगाच?" त्यांचं खरं आहे. ऊन, वारा, झड, सगळं पश्चिमेचंच. पावसाळ्यात त्या बाजूला आधी झावळ्यांची झापं बांधायचो, आता निळी ताडपत्री. स्वयंपाकघरातल्या पश्चिमेच्या खिडकीचे गज गंजून एवढे फुगले की चौकट तडकली. बिजागरीला नख लावलं तर खारीसारखे पापुद्रे सुटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पहिली कौलं गेली तीही पडवीचीच.

भाच्याने भिंतभर काचेची चित्रं पाठवलीत. म्हटलं, मे महिन्यात दुपारी चारला तिथे बसून दाखव.

खुर्चीत बसलेल्या आईच्या डोळ्यांची उंची टेपने मोजली: तीन फूट दहा इंच. म्हणजे खिडकी दोन फुटांपासून सुरू व्हायला हवी. पण पडवीचं छप्पर उतरत साडेसहा फुटांवर येतं. ऊन-पावसासाठी वळचण वाढवावी तर ती आणखी खाली येते आणि समुद्रच झाकला जातो. छप्पर उचललं तर वारा आत शिरतो. यातून कोणी मार्ग काढलाय का? बाहेरून लाकडी झडपा लावल्या तर टिकतात का? आणि बिजागऱ्या, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले तर खाऱ्या वाऱ्यात खरंच फरक पडतो का?

दुसरं, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सरकारी नियम. भरतीरेषेपासून आम्ही दीडशे मीटरच्या आसपास. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कमी वस्तीच्या गावांत २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती चालते, पण जोतं वाढवायचं नाही. आम्ही जोत्याबाहेर जाणार नाही. मग उघडी पडवी बंद करणं दुरुस्तीत बसतं का? गावात दहा जण दहा गोष्टी सांगतात. ज्यांनी स्वतः परवानगी काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

शिमगा झाला की काम काढून पावसाआधी कौलं चढवायची आहेत. घडवंचीवरून काढलेला फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.