आधी कोंबडा की आधी शेजारी? युरोपातल्या गावांमधली आवाजाची भांडणं

रानवाट

फ्रान्समधल्या मोरिस नावाच्या कोंबड्याचा खटला इथे बऱ्याच जणांनी वाचला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओलेराँ नावाचं बेट आहे. तिथे सँ-पिएर-द-ओलेराँ या गावात एका बाईंनी हा कोंबडा पाळला होता. शेजारच्या घराचे मालक म्हणजे एक निवृत्त जोडपं, सुट्टीपुरतं तिथे येऊन राहणारं. सकाळी आरवण्याने झोपमोड होते म्हणून ते कोर्टात गेले. मालकिणीने खुराड्याभोवती काळं कापड लावून पाहिलं, की अंधारात तरी हा जरा उशिरा उठेल. उपयोग झाला नाही. कोंबड्याच्या बाजूने लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. ५ सप्टेंबर २०१९ ला रोशफोरच्या न्यायालयाने तक्रार फेटाळली आणि उलट तक्रारदारांनीच मालकिणीला १,००० युरो द्यावेत असा निकाल दिला.

प्रकरण तिथे थांबलं नाही. लोझेर या डोंगराळ भागाचे खासदार पिएर मोरेल-आ-लुइसिए यांनी एक विधेयक आणलं आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला, की ग्रामीण भागातले आवाज आणि वास हासुद्धा देशाचा सामायिक वारसा आहे. कोंबड्याचं आरवणं, चर्चची घंटा, शेणाचा वास, सगळं त्यात आलं.

मला हा कायदा मनापासून आवडतो. २०१८ साली दक्षिणेत ल बोसे गावी आलेल्या काही पर्यटकांनी महापौरांकडे मागणी केली होती, की झाडांवरच्या सिकाडा नावाच्या किड्यांवर औषध फवारा, फार किरकिरतात. ज्या उन्हाळ्यासाठी तिकडे जायचं, त्या उन्हाळ्याचाच आवाज बंद करा म्हणायचं? गाव म्हणजे शांततेचं दुकान नाही. जो नंतर येतो त्याने जुळवून घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. इतरांना काय वाटतं?

तिसरा_मजला

अजिबात पटलं नाही. आणि मोरिसचं उदाहरण तर तुमच्या मताच्या विरोधात जातं. ते जोडपं त्या घरात २००४ पासून येत होतं. कोंबडा आला २०१७ मध्ये. ‘नंतर येणाऱ्याने जुळवून घ्यावं’ हा नियम लावायचा तर कोंबड्यानेच जुळवून घ्यायला हवं होतं. त्यांच्या वकिलाचं म्हणणंही हेच होतं, की हा शहर विरुद्ध गाव असा वाद नाही. ती वस्ती घराला घर लागून असलेली आहे, शेत नाही, आणि तक्रार फक्त आवाजाची आहे. पण बातम्यांना ‘शहरी लोक विरुद्ध बिचारा कोंबडा’ अशी गोष्ट हवी होती, ती जगभर फिरली. त्या जोडप्याची बाजू कोणी छापली? लाखभर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या भिंतीपलीकडे एक रात्र काढली होती?

झोप ही चैन नाही. म्हाताऱ्या माणसाची पहाटेची मोडलेली झोप परत लागत नाही, हे घरात वयस्कर माणसं असणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वारशाचं नाव दिलं की समोरच्याचं दुखणं दिसेनासं होतं, माझा राग त्यावर आहे.

रानवाट

तारखा बरोबर आहेत. पण मी एका कोंबड्याच्या जन्मतारखेबद्दल बोलत नाही. त्या बेटावर कोंबड्या २००४ च्या कितीतरी आधीपासून आहेत. उद्या मोरिस मेला (तो मेलाच, २०२० मध्ये त्याच्या जाण्याची बातमी आली) आणि दुसरा आणला, तर प्रत्येक नवा कोंबडा ‘नंतर आलेला’ धरायचा का? मग कोणत्याच गावात पाच-सात वर्षांनंतर कोंबडा उरणार नाही.

आणि हे वाद हसण्यावारी नेण्याइतके हलके नाहीत. २०२० च्या मे महिन्यात आर्देश भागात मार्सेल नावाच्या कोंबड्याला शेजाऱ्याने आरवतो म्हणून मारून टाकलं. गोळी घातली, वर लोखंडी सळीने मारलं. त्या माणसाला पाच महिन्यांची स्थगित कैद झाली. कायद्याने आधीच स्पष्ट सांगितलं असतं की हा आवाज गावाचा आहे, तर गोष्ट इतक्या थराला गेली नसती असं मला वाटतं.

वकिलीण

रानवाटताई, तुम्ही ज्या कायद्याचं कौतुक करताय त्याने कोंबड्याला प्रत्यक्षात फार काही मिळालेलं नाही. २०२१ च्या कायद्याने पर्यावरण संहितेत ‘आवाज आणि वास’ हे शब्द घातले आणि प्रत्येक प्रदेशाने आपल्या ग्रामीण वारशाचा अभ्यास करावा असं सांगितलं. शेजारी कोर्टात गेला तर न्यायाधीश तेव्हाही आणि आताही एकच गोष्ट बघतो: त्रास त्या ठिकाणच्या नेहमीच्या त्रासापेक्षा जास्त आहे का? मोरिसचा खटलाही त्याच मुद्द्यावर सुटला. त्रास प्रमाणाबाहेर आहे हे तक्रारदारांना सिद्ध करता आलं नाही. परंपरेचा विजय वगैरे वर्तमानपत्रांनी म्हटलं.

खरा बदल एप्रिल २०२४ मध्ये झाला. नागरी संहितेत १२५३ वं कलम आलं. त्यानुसार तुम्ही राहायला येण्यापूर्वीपासून एखादा व्यवसाय किंवा उपक्रम तिथे चालू असेल, तो कायदेशीर असेल आणि त्याच पद्धतीने चालू असेल, तर तुम्हाला भरपाई मागता येत नाही. ‘जो नंतर येतो त्याने जुळवून घ्यावं’ हे तिथे आता कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे.

माझी काळजी इथे सुरू होते. हा नियम कोंबड्यापुरता नाही. त्याचं जुनं रूप चार दशकांपूर्वीपासून बांधकाम संहितेत होतं आणि त्यात शेतीबरोबर कारखाने आणि विमानतळसुद्धा होते. नव्या कलमात तर ‘कोणत्याही प्रकारचा उपक्रम’ आहे. कोंबड्याचा फोटो पुढे करून कायदा विकायचा आणि फायदा मोठ्या धंद्याने घ्यायचा, हे मला मान्य नाही. ज्याला स्वस्त घर परवडतं तोच कारखान्याच्या कडेला राहायला जातो. ‘तुला माहीत होतं, तरी आलास’ हे त्याला सांगणं सोपं आहे.

२०२४ च्या कायद्यामागे एक प्रकरण फार गाजलं होतं तेही सांगते. पॅरिसच्या उत्तरेला वाझ जिल्ह्यातल्या एका दूध उत्पादकाने गोठा वाढवला. शेजारी वास, माश्या आणि आवाजाच्या तक्रारी घेऊन गेले. २०२२ मध्ये अमियाँच्या अपील न्यायालयाने शेतकऱ्याला एक लाख युरोंहून जास्त रक्कम द्यायला लावली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च पातळीवरही तोच निकाल कायम राहिला. शेतकरी संघटना खवळल्या. पण जनावरं वाढली, गोठा घरांच्या जवळ सरकला, तर शेजारी ‘नंतर आले’ असं कसं म्हणणार? गोठ्याचा तो भाग नंतर आला!

गावकुस

वकिलीणबाई, कायदा तुम्हाला जास्त कळतो, पण शेतकऱ्याने गोठा हौस म्हणून वाढवला नव्हता. दुधाचा भाव आणि खर्च यांचं गणित असं आहे, की तेवढ्याच गाईंवर घर चालत नाही. वाढ केली तर शेजारी कोर्टात ओढणार, नाही केली तर बँक. मग त्याने करायचं काय? वीस-पंचवीस वर्षांत गावातली निम्मी घरं सुट्टीची झाली, शाळा बंद पडली, आणि उरलेल्या एका शेतकऱ्याला एक लाखाची भरपाई! माझं मत सरळ आहे. जो तिथे राबतो त्याचा आवाज आधी.

आल्पकर

मी स्वित्झर्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून इथली बाजू सांगतो. इकडे भांडण गाईंच्या घंटांचं आहे. बर्न राज्यातल्या आरवांगेन गावात २०२३ मध्ये दोन जोडप्यांनी तक्रार केली: घराशेजारच्या कुरणातल्या गाईंच्या घंटा निदान रात्री काढा. गावात खळबळ उडाली. सुमारे हजार सह्या गोळा झाल्या आणि गावसभेने प्रचंड बहुमताने ठरवलं, की घंटांचा हक्क जपायचा. त्याच डिसेंबरमध्ये युनेस्कोने आल्प्समधल्या उन्हाळी चराईची परंपरा वारशाच्या यादीत घेतली, त्यामुळे लोकांना आणखी जोर आला.

ज्यांनी ही घंटा हातात घेतलेली नाही त्यांना ती फोटोत गोड दिसते. शरद ऋतूत गाई डोंगरावरून खाली आणतात तेव्हा त्यांच्या शिंगांवर फुलांचे मुकुट असतात आणि गळ्यात तळहाताएवढ्या रुंद चामडी पट्ट्याला अडकवलेली मोठी घंटा. ती एका हाताने उचलताना माझं मनगट खाली गेलं. गाय चरायला मान खाली घालते तेव्हा तो सगळा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो. मान हलली की ठण्. माशी उडवायला डोकं झटकलं की ठण्. तिच्या कानापासून ते हातभर अंतरावर.

झुरिचच्या तंत्रविद्यापीठात यावर अभ्यास झाला आहे. साडेपाच किलोची घंटा बांधलेल्या गाई कमी चरल्या आणि त्यांनी रवंथही कमी केलं. जवळून मोजलेला आवाज १०० डेसिबलच्या वर गेला. एवढ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला इथे कानाला संरक्षण द्यावं लागतं. धाग्यात सगळे माणसांच्या झोपेबद्दल बोलत आहेत. जिच्या गळ्यात ती आहे तिला कोणी विचारलं?

गावकुस

तो अभ्यास थोड्या दिवसांचा होता, आणि एवढी वजनदार घंटा रोजच्या चराईला कोण बांधतं? ती मिरवणुकीची. रोजची घंटा लहान असते. धुक्यात, उतारावर गाय हरवली तर ती घंटेनेच सापडते. आता जीपीएस आहे म्हणाल, पण प्रत्येक गाईला पट्टा, बॅटरी, दरीत सिग्नल, आणि हे सगळं कुणाच्या पैशाने?

आरवांगेनमध्ये गावाने मतदान करून ठरवलं. याहून लोकशाही काय असते?

आल्पकर

रोजच्या घंटा लहान असतात हे खरं, पण त्या चोवीस तास असतात. डोंगरावर धुक्यात घंटा लागते, हे मीही मान्य करतो. आरवांगेनचं कुरण मात्र घरांच्या कडेला, कुंपणाच्या आत होतं. तिथे गाय हरवणार कुठे? आणि मागणी फक्त रात्रीपुरती होती.

मतदानाचं म्हणाल तर नॅन्सी होल्टन यांचं काय झालं ते वाचा. जन्म नेदरलँड्सचा, पण लहानपणापासून स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या, मुलींचं शिक्षण इथलंच, जर्मन अस्खलित. त्या आरगाउ राज्यातल्या गिप्फ-ओबरफ्रिक गावात राहायच्या आणि घंटांविरुद्ध जाहीरपणे बोलायच्या. नागरिकत्वासाठी अर्ज केला, तर गावसभेने तो दोनदा नामंजूर केला. त्या फार बोलतात, आमच्या परंपरांवर हल्ला करतात, एवढंच कारण. शेवटी २०१७ मध्ये राज्याने गावाचा निर्णय बाजूला ठेवून त्यांना नागरिकत्व दिलं.

मला हे भीतीदायक वाटतं. मी इथे कर भरतो, माझी मुलं इथे शिकतात. माझ्या पासपोर्टचा निर्णय मी घंटेबद्दल काय बोललो यावर ठरणार असेल, तर त्या गावात मी तोंड उघडणार नाही. २००० साली ल्युत्सर्नजवळच्या एमेनमध्ये मतपेटीतून नागरिकत्व ठरवलं, तेव्हा फक्त इटालियन कुटुंबं पास झाली आणि बाकीचे, बहुतेक करून युगोस्लाव्हियातून आलेले, नापास. २००३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने असं मतदान घटनाबाह्य ठरवलं. बहुमताला गाईच्या घंटेबद्दल ठरवू द्या, माणसाबद्दल नको.

रानवाट

नागरिकत्वाच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. घंटेवर टीका केली म्हणून कोणाला परकं ठरवणं चूक, यात दुसरं मतच नाही. पण म्हणून घंटाच चूक ठरत नाही.

सीमारेषा

फ्रान्स-स्वित्झर्लंड झालं, आता इंग्लंडचं एक सांगतो, क्रिकेटचं. डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ गावात सत्तर-एक वर्षं मैदानावर गावचा संघ खेळत होता. १९७२ मध्ये मैदानाला लागून घरं बांधली गेली. मग षटकार बागेत पडू लागले, कौलं फुटू लागली. मिलर दांपत्य कोर्टात गेलं. क्लबने उंच कुंपण घातलं, नुकसान भरून देण्याची तयारी दाखवली, तरी वाद मिटला नाही. १९७७ मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी गावच्या क्रिकेटची बाजू घेत निकालपत्र लिहिलं. पण बहुमताचा निकाल असा, की हा शेजाऱ्याला त्रासच आहे, मैदान आधीपासून होतं हा बचाव चालणार नाही. तरीही खेळ बंद करायचा आदेश दिला नाही. मिलरना ४०० पौंड मिळाले.

मला हा निकाल फ्रान्सच्या नव्या कलमापेक्षा कितीतरी जास्त न्याय्य वाटतो. दुखणं खरं आहे हे मान्य केलं, त्याची किंमत दिली, आणि गावाचा खेळही राहिला. फ्रान्समध्ये आता ‘तू नंतर आलास’ म्हटलं की संपलं.

गावकुस

४०० पौंड क्लबने दिले ना? गावच्या संघाने? घरं बांधून पैसे कमावले बिल्डरने. त्याला कोणी काही विचारलं नाही.

तिसरा_मजला

गावकुस, पहिल्यांदाच तुमचं पूर्ण पटलं. इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत नेमकं हेच घातलं. जुन्या संगीतगृहाशेजारी किंवा चर्चशेजारी नवी घरं बांधायची असतील, तर आवाज अडवण्याची जबाबदारी घरं बांधणाऱ्याची. दुहेरी काचा, जाड भिंती, जे काय लागेल ते घर विकण्याआधी.

फ्रान्सच्या कायद्यात बिल्डरचा शोध घ्या, कुठे दिसत नाही. सगळा भार कोंबडा पाळणारी बाई आणि झोप न लागणारं जोडपं यांच्यावर. दोर्दोन्यमधल्या ग्रिन्योल गावात तर २०१६ मध्ये कोर्टाने बेडकांच्या आवाजासाठी एका जोडप्याला स्वतःच्या आवारातलं तळं बुजवायला सांगितलं. त्या तळ्यात संरक्षित प्रजाती होत्या. बुजवलं तर वन्यजीवांचा गुन्हा, नाही बुजवलं तर कोर्टाचा अवमान. दोन शेजाऱ्यांना असं कोर्टात समोरासमोर उभं करण्यापेक्षा, घरांना परवानगी देताना नगरपालिका काय करत होती ते विचारा.

रानवाट

नव्या इमारतीपुरतं हे चालेल, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. पण ओलेराँवर कोणी नवीन इमारत बांधली नव्हती. तिथे दोन जुनी घरं आणि मध्ये एक भिंत होती. दुहेरी काचा कोणाच्या खर्चाने लावायच्या, तिथे तुमचं उत्तर काय? माझं उत्तर अजूनही तेच आहे: खिडकी बंद करण्याची सोय माणसाला आहे, आरवणं बंद करण्याची सोय कोंबड्याला नाही.

तिसरा_मजला

जुलैमध्ये, चौतीस अंशात, पंखा-एसी नसलेल्या घरात खिडकी बंद करून झोपायचं? नाही पटत. अशा ठिकाणी कोंबडा रात्री आत ठेवावा, आणि बंद खुराड्याचा खर्च निम्मा निम्मा करावा. मी त्या घरात असतो तर माझा निम्मा वाटा पहिल्याच दिवशी दिला असता.