होम्सची 'ती', होम्सची 'बाई', आणि तू की तुम्ही?

रिकामटेकडी

एक शब्द हवाय. म्हणजे हवेत तीन-चार, पण एकावर अडलेय म्हणून तिथूनच सुरू करते.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रोज रात्री फोनवर तिला काहीतरी वाचून दाखवते. सध्या शेरलॉक होम्स चालू आहे. इंग्रजी तिला येत नाही त्यामुळे मी पुस्तकात बघत बघत तोंडी मराठी करत जाते, चुकलं तर चुकलं. परवा बोहेमियाच्या राजाची गोष्ट काढली, १८९१ ची, आयरीन ॲडलरवाली. तर त्यातलं पहिलंच वाक्य, की होम्सच्या लेखी ती कायम 'द वूमन' असते. सगळी मजा त्या 'द'मध्ये आहे आणि मराठीत 'द' नावाची चीजच नाही. मी आपलं ठोकून दिलं, "शेरलॉक होम्स तिला कायम नुसतं 'ती' म्हणायचा." पलीकडून आई, "अगंबाई! म्हणजे लग्न झालेलं होतं होय त्याचं?"

आधी हसले आणि मग लक्षात आलं की बरोबरच आहे तिचं. तिनं बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नाही, आमच्या घरात 'हे' म्हणजे बाबा आणि बाबा बाहेरून आले की "ती कुठाय?" म्हणजे आई. नाव न घेता नुसतं सर्वनाम वापरलं की मराठीत संसार सुरू होतो! आणि गंमत म्हणजे लगेच चौथ्या वाक्यात वॉटसन (होम्सचा मित्र, गोष्टी तोच सांगतो) म्हणतो की होम्सला तिच्याबद्दल प्रेमाबिमासारखं काही वाटत नव्हतं. म्हणजे माझ्या मराठीत पहिलं वाक्य पुढच्याला खोटं पाडतंय.

तर 'द वूमन'ला काय म्हणाल?

तिखटमीठ

'ती बाई' म्हटलं की नाक मुरडल्यासारखं होतं ("ती बाई आली होती का परत?"), 'ती स्त्री' म्हटलं की व्याख्यानमाला आणि 'एकमेव स्त्री' म्हटलं की शोकसभा. माझं मत 'ती'लाच. चुकीचा अर्थ लागतो म्हणताय, पण वाचक सव्वाशे वर्षं तोच अर्थ लावतायत की. बेअरिंग-गोल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९६२ साली होम्सचं अख्खं चरित्र लिहिलं, जणू खराच माणूस, आणि त्यात रायखेनबाखच्या धबधब्यात होम्स मेला असं सगळ्यांना वाटतं त्यानंतर तो माँटेनेग्रोत आयरीनला भेटतो आणि त्यांना मुलगा होतो. तो मुलगा म्हणजे दुसऱ्या एका लेखकाचा जाडा डिटेक्टिव्ह, नीरो वूल्फ. हे त्याच्याही आधी १९५६ मध्ये कुणीतरी मांडून झालेलं होतं. दुसऱ्याच्या पुस्तकातलं पोर आणून पाळण्यात घातलं, बोला.

आणि मूळ गोष्टीत पुरावा काय, तर होम्स वेश बदलून तिच्या मागावर जातो आणि एजवेअर रोडवरच्या चर्चमध्ये तिच्याच लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहतो, दुसऱ्याशी लागणाऱ्या लग्नाला! त्या साक्षीचं नाणं तिच्याकडून घेतो आणि घड्याळाच्या साखळीत अडकवणार म्हणतो. बास. एवढ्यावर पोर.

आजोळ

'बाई' इतक्यात टाकून देऊ नका. आयरीन कोण आहे ते विसरताय, ती गाणारी आहे. वॉर्साच्या ऑपेरातली मुख्य गायिका, आवाज काँट्राल्टो म्हणजे बायकांमधला सगळ्यात खालचा, आपल्याकडे ज्याला ढाला आवाज म्हणतात तसा. आणि गाण्यातल्या लोकांत 'बाई' हा शब्द कसा वापरतात ते आठवा. शागीर्द नुसतं "बाई म्हणायच्या" एवढंच म्हणतो, कुठल्या ते विचारायची गरज नसते आणि बोलताना हात आपसूक कानाकडे जातो. शाळेतल्या बाई पण तशाच.

खरी किल्ली क्रियापदात आहे. 'बाई आली' म्हणजे कामाला आली, 'बाई ठेवली' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, पण 'बाई आल्या' म्हटलं की वर्गातली पोरं उभी राहतात. वॉटसननं स्पष्ट लिहिलंय की होम्सच्या तोंडी ती मानाची पदवी होती. म्हणून "होम्सच्या लेखी त्या कायम 'बाई'." अनेकवचनी. ज्या बाईनं पुरुषी कपडे घालून त्याच्याच दारात येऊन त्याला गुड नाईट म्हटलं आणि त्या शहाण्याला ओळखू आलं नाही, तिला एकवचनी कसं म्हणणार.

रिकामटेकडी

वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. यात प्रेमही येत नाही आणि नाक मुरडणंही येत नाही. फक्त वॉटसन सुरुवातीलाच तिच्याबद्दल संशयास्पद वगैरे शेरा मारतो ना, तो स्वतः तिला एकवचनी म्हणेल आणि होम्स अनेकवचनी. इंग्रजीत हा फरक करायची सोयच नाही.

आता दुसरा प्रश्न, जो आईनंच काढला. "हे दोघं एकमेकांना अरे-तुरे करतात की अहो-जाहो?" मी आतापर्यंत नकळत होम्सला 'तू' आणि वॉटसनला 'तुम्ही' बोलायला लावत होते, कारण होम्स जास्त हुशार. आईचं म्हणणं, "मग हा वॉटसन त्याची बायकोच झाला की, आमच्या वेळची."

पेंगुळलेला

आईंना इथे आयडी काढून द्या कोणीतरी.

एकतर्फी तू आणि अहो म्हणजे जुन्या पिढीतलं नवरा-बायको नाहीतर साहेब-कारकून, तिसरं काही नाही. दोघंही 'तुम्ही' केलं तर वीस वर्षं शेजारी राहून फक्त दिवाळीच्या फराळाची ताटं बदलणारे वाटतात. त्यामुळे दोघंही तू. आणि याला इंग्रजीतूनच आधार आहे, ते एकमेकांना आडनावानं हाक मारतात. साठ गोष्टी झाल्या (चार कादंबऱ्या, छप्पन्न कथा) पण वॉटसन कधी 'शेरलॉक' म्हणत नाही की होम्स 'जॉन' म्हणत नाही. आजच्या सिरियलीत जॉन-जॉन करतात ते जवळीक दाखवायला, पण त्या काळात नुसतं आडनाव, मिस्टर-डॉक्टर न लावता, हीच जवळीक होती. आपल्याकडे हॉस्टेलवर हेच चालतं. माझा खोलीतला मित्र बत्तीस वर्षांनंतरही मला आडनावाला 'या' लावून हाक मारतो, माझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर येऊन मारली. "काय रे वॉटसन्या" असं लिहा म्हणत नाही, पण कान तिथे ठेवा.

हां, आणि 'खोलीतला मित्र' लिहिलं कारण 'रूम पार्टनर' लिहिताना हात थांबला. पूर्वी बिनधास्त म्हणायचो, घरमालकापुढे, आईबापापुढे. आता माझी मुलगी हसते, म्हणते बाबा पार्टनर म्हणजे वेगळं असतं. होम्स-वॉटसन अगदी आपल्या अर्थानं रूम पार्टनर आहेत, १८८७ च्या पहिल्या कादंबरीत दोघांनाही भाडं एकट्याला परवडत नाही म्हणून भेटतात. कॉट बेसिसच म्हणा ना.

तिखटमीठ

पण मग त्या दोघांची जोडी लावून लोक जे म्हणतात त्याला मराठीत शब्द काय? भाची 'शिप करणे' म्हणते, मी आधी जहाज समजत होतो. ते रिलेशनशिपमधलं शेपूट आहे म्हणे, नव्वदच्या दशकात एक्स फाइल्सच्या चाहत्यांनी काढलेलं. आपल्याकडे 'नाव जोडणे' आहे पण त्यात बदनामीचा वास येतो.

रिकामटेकडी

'चिडवणे'! "तिला त्याच्यावरून चिडवतात." शिप करणे म्हणजे हेच, अगदी तंतोतंत, त्या दोघांना पत्ता नसतो आणि वर्गानं ठरवून टाकलेलं असतं. आणि हेडकॅननला (म्हणजे गोष्टीत नसलेलं, चाहत्यानं आपल्या मनानं धरून चाललेलं) आपल्याकडे आधीपासून 'मनचे मांडे' आहेत.

बाय द वे, सगळ्यात पहिला चिडवणारा खुद्द वॉटसन आहे. कॉपर बीचेसच्या गोष्टीत व्हायोलेट हंटर नावाची चुणचुणीत गव्हर्नेस येते आणि शेवटी हा लिहितो की केस संपल्यावर होम्सनं तिच्यात काही रस दाखवला नाही, माझी निराशा झाली. म्हणजे मनात हॉल बुक करून बसला होता हा!

आजोळ

शब्दांच्या वाटेनं जायचं तर मराठीत संशयाचे शब्द सगळे स्वयंपाकघरातले नाहीतर हातमागावरचे. मेतकूट जमलं, गूळपीठ जमलं, सूत जुळलं. मेतकूट आणि गूळपीठ दोन माणसांत कुठल्याही कारणानं जमतं, बहुतेक वेळा तिसऱ्याला न आवडणाऱ्या, सूत मात्र आता प्रेमाकडेच झुकलंय. 'जवळचा' स्वच्छ, 'जवळीक' जरा डाग पडलेली, 'घसट' म्हणजे शेजारणीनं पाहिलेलं आणि 'लगट' म्हणजे पोलिसांनी. होम्स-वॉटसनना इंग्रजीत सारखं 'इंटिमेट' म्हटलेलं असतं, त्या काळात त्याचा अर्थ सरळ 'जवळचा' एवढाच. तिथे चुकूनही जवळीक लिहू नका.

आणि 'प्रकरण' हा शब्द तर हेरकथेसाठीच जन्माला आलाय. केस म्हणजे प्रकरण, पुस्तकाचा भाग म्हणजे प्रकरण आणि ते 'तसलं' पण प्रकरणच. 'ॲडलर प्रकरण' म्हणा, ज्याला जे समजायचं ते समजेल.

पेंगुळलेला

शब्दावरून एक आठवलं. १९२६ ची एक गोष्ट आहे, वॉटसन नाही तर होम्स स्वतः सांगतो अशी. त्यात म्हणतो की त्या सुमारास वॉटसन बायकोसाठी मला 'डेझर्ट' करून गेला होता, आमच्या सहवासातली त्याची एकमेव स्वार्थी गोष्ट. आणि पुढे नुसतं, मी एकटा होतो. आता या 'डेझर्ट'ला 'सोडून गेला' म्हटलं तर पचपचीत होतं आणि 'टाकून गेला' म्हटलं तर टाकलेली बायको डोळ्यांपुढे येते. पण इंग्रजीतही तो शब्द बायकोला टाकणाऱ्या नवऱ्यासाठी आणि पळून जाणाऱ्या सैनिकासाठीच वापरतात. म्हणजे 'टाकून'च बरोबर का?

तिखटमीठ

टाकूनच. होम्स रुसलाय तिथे. (रुसणे आणि रागावणे हा फरक इंग्रजीत करून दाखवा कोणी.)

याच्यावरच रेक्स स्टाउटनं, नीरो वूल्फवाल्यानंच, १९४१ मध्ये होम्सभक्तांच्या क्लबात भाषण ठोकलं होतं की वॉटसन बाई होती! आणि पुरावे काय तर कोण कधी झोपलं, कोणी कोणासाठी जेवण थांबवलं, कोणी कुरकुर केली. भक्त लोक खवळले म्हणतात. चेष्टाच होती, पण संसार कशावरून ओळखायचा ते त्याला बरोबर माहीत होतं.

बाकी वॉटसनच्या बायकोनं एका गोष्टीत त्याला 'जेम्स' म्हटलंय, नाव जॉन असताना. लेखकाची चूक, सरळ आहे, पण डोरोथी सेयर्सबाईंनी उत्तर काढलं की 'जॉन एच्‌. वॉटसन'मधल्या एच्‌चं हॅमिश असणार आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नसती तर हा गोंधळच झाला नसता!

रिकामटेकडी

आता शेवटचं अडलेलं, मग तुम्हाला सोडते. तीन गॅरिडेबांची गोष्ट. गुन्हेगार गोळी झाडतो, वॉटसनच्या मांडीला चाटून जाते आणि होम्सचा चेहरा पहिल्यांदाच सुटतो. डोळ्यांत क्षणभर पाणी, ओठ थरथरतायत, लागलं नाही ना म्हण रे, देवाशपथ. आणि वॉटसन लिहितो की त्या थंड मुखवट्यामागे किती 'लॉयल्टी अँड लव्ह' आहे हे कळण्यासाठी एक जखम काय, अनेक जखमा परवडल्या. (ही जागाही एजवेअर रोडच्याच गल्लीत आहे. होम्सचं जे काही व्हायचं ते एजवेअर रोडलाच होतं.)

लव्हला 'प्रेम' लिहिलं तर मराठीत लगेच पिक्चर सुरू होतो. 'स्नेह' म्हणजे स्नेहसंमेलन. 'माया' आईची, नाहीतर पैशाची. 'जिव्हाळा' चांगला होता पण पतसंस्थांनी नेला.

आजोळ

'जीव'. "याचा आपल्यावर एवढा जीव आहे." आईचा लेकरावर असतो, बैलावर असतो, नवऱ्याबायकोचा असतो, मित्राचाही असतो. आणि कसला ते सांगायला लागत नाही. निष्ठा-बिष्ठा वेगळी लिहूच नका, त्यात आली.

पेंगुळलेला

+१. लगेच पुढे होम्स त्या गुन्हेगाराला म्हणतो ना, वॉटसनला मारलं असतंस तर या खोलीतून जिवंत गेला नसतास. जीव आणि जिवंत, चार ओळींच्या अंतरात. इंग्रजीत ही सोय नाहीये.

रिकामटेकडी

काल रात्री वाचून दाखवलं. दोघांनाही तू, आणि शेवटी 'जीव'. आई बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, परत वाच तेवढंच. परत वाचलं. त्यात एक ओळ आहे की होम्सनं खिशातला चाकू काढून वॉटसनची पँट टरकावली, जखम बघायला.

तर आई म्हणते, "चांगली पँट फाडलीन?"

म्हटलं, अगं मांडीला लागलंय.

"ते कळलं गं. पण एवढा हुशार ना तो, काढायला सांगायचं सुचलं नाही त्याला." मग थोड्या वेळानं, "घाबरला असेल मेला."