घरातल्या भांडणात कोण बरोबर, हे एआयला विचारून ठरवायचं का?

साखरपेठकर:
आमच्या घरात सध्या जे चाललंय त्यावरून विषय काढतोय. वडील गेले, मागं सोलापूरच्या साखर पेठेतलं घर, खालच्या खोलीत पूर्वी माग होते ते कधीच विकले, आता ती खोली भाड्यानं दिलीय. मोठ्या भावाचं म्हणणं, बहिणीच्या लग्नाचा खर्च मी केला, वडिलांचं आजारपण मी काढलं, तर तिनं हक्कसोड करून द्यावं, म्हणजे घरातला वाटा सोडल्याच्या कागदावर सही करावी. बहीण म्हणते मी काय उद्या घर विकायला निघाले का, सही कशाला मागतोस. परवा सगळे बसलो तर भावानं मोबाईल काढून वाचून दाखवलं, चॅटजीपीटी म्हणतंय तुम्ही एवढी जबाबदारी उचलली, तुमची अपेक्षा समजण्यासारखी आहे. बहिणीनं लगेच तिचा मोबाईल पुढं केला, त्यात लिहिलेलं की तुमच्यावर भावनिक दबाव आणला जातोय, सही करू नका. दोघांकडं ॲप एकच! आणि आई तिथंच बसलेली, ती कुठं राहणार, कुणाजवळ राहणार हे दोघांच्याही प्रश्नात नव्हतंच, मग उत्तरात कुठून येणार.
माझं मत स्पष्ट आहे. कायदा विचारा, अर्ज लिहून घ्या, पण चुकलं कोण हा निवाडा त्याच्याकडं देऊ नका. एकाच बाजूचं ऐकून निकाल देणाऱ्या माणसाला आपण पंच म्हणून बसू दिलं असतं का?

अशोकचौकातली:
मला नाही पटलं. तुमच्या घरात निदान बहिणीला बोलायला मिळालं. आमच्याकडं भांडण झालं की मामा येणार, चहा घेणार आणि निघताना मला सांगणार, पोरी जरा सांभाळून घे. नवऱ्याला बाजूला घेऊन एकदाही बोलले नाहीत. रात्री अकराला मी कुणाला फोन करू? माहेरी केला तर आईचं बीपी वाढतंय. मी एआयला सगळं टाइप केलं, की माझा पगार सासूबाईंच्या हातात द्यावा लागतो आणि मला रिक्षाला पण मागून घ्यावे लागतात, तर त्यानं विचारलं, पगार तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो का, एटीएम कार्ड कुणाकडं असतं. लग्न झाल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कार्ड आता माझ्याकडं आहे. ते चुकत असेल, पण आमचे पंच कधी बरोबर होते?

कोड_लिहिणारा:
ताई, कार्ड परत घेतलंत हे उत्तमच केलंत, पण ह्याच्या आत काय चालतं ते पण बघा. चॅटजीपीटीसारखी ही मॉडेल शिकवताना माणसांना उत्तरं दाखवतात, कुठलं आवडलं विचारतात आणि त्यावरून त्याला वळण लावतात, त्यामुळं आवडेल असं बोलायची सवय त्याच्या अंगातच मुरलेली असते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला तिच्या चॅटजीपीटीचं एक अपडेट मागं घ्यावं लागलं, कारण ते कशालाही वा वा करायला लागलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ मॉडेल तपासली, ती माणसांपेक्षा साधारण ५० टक्के जास्त वेळा वापरणाऱ्याच्या वागण्याला हो म्हणत होती. आणि मला जास्त लागलं ते पुढचं, असं हो-ला-हो मिळालेल्या लोकांची समोरच्याशी मिटवून घ्यायची तयारी कमी झाली, तरी त्यांनी त्या उत्तरालाच जास्त मार्क दिले.
नीतीचा निकाल देणारं मॉडेल मुद्दाम बनवून पण झालंय. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूट ह्या एआय संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये डेल्फी काढलं, तिथल्या लोकांकडून ढिगानं प्रसंगांवर बरोबर की चूक लिहून घेऊन. वाक्यात 'सगळ्यांना आनंद होत असेल तर' एवढं जोडलं की भयंकर गोष्टीला पण ते चालेल म्हणायचं. त्यात साखर पेठेतलं हक्कसोड आणि भाऊबीजेला माहेरी यायचं की नाही हे कुठून असणार?

निवृत्त_मास्तर:
मी साखरपेठकरांच्या बाजूनं. आपल्या राज्यात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालली, बांधाची, भाऊबंदकीची भांडणं गावातच समोरासमोर बसून मिटवायची म्हणून. मी आमच्या समितीत होतो. दोघं एका सतरंजीवर बसले की निम्मं खोटं आपोआप गळून पडतं, कारण समोरचा तिथल्या तिथं म्हणतो, असं कधी झालं रे? मोबाईलला हे कोण म्हणणार?

सात_रस्ता:
मास्तर, आदर ठेवून सांगतो, त्या सतरंजीवर बाई किती वेळा बसली? ह्याच राज्यात पंच लोकांनी घरंच्या घरं वाळीत टाकली म्हणून २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. माणसं समोरासमोर बसली म्हणजे न्याय होतोच असं नाही ओ. आमच्याकडची पोरं विचारायलेत ती हौस म्हणून नाही, ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही म्हणून विचारायलेत.

निवृत्त_मास्तर:
बाई कमी बसली हे खरंय, नाकारत नाही. पण मग तिला सतरंजीवर आणा, सतरंजीच कशाला गुंडाळता?

जुळे_सोलापूरकर:
मूळ प्रश्नात कायदा आणि नीती ह्यांची सरमिसळ झालीय. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच मुलीचा वाटा मुलाएवढा आहे, आणि आईचाही तेवढाच. २००५ ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित मिळकतीसाठी होती, लोक उगाच तीच सगळीकडं लावतात. लग्नात खर्च केला म्हणून वाटा जात नाही. आता हे एवढं एआय पण सांगेल. पण भावानं जे केलं त्याचं मोल कसं करायचं, हे तुमच्या चौघांशिवाय कुणालाच ठरवता येणार नाही.
आणि विचारायचंच असेल तर 'मी' न लिहिता विचारा. अ नावाचा भाऊ, ब नावाची बहीण, क आई, आपण कोण ते सांगू नका आणि तिघांची बाजू तिघांनी आपापल्या हातानं लिहा.

अशोकचौकातली:
हे बरं सांगितलंत. पण माझी सासू बसेल का लिहायला, तुम्हीच सांगा. ज्याच्या हातात घर आहे त्याला मिटवायची घाई नसते. मी विचारतच राहणार.

साखरपेठकर:
ताई, तुम्ही विचारा, तुमचं पटलं मला, एकटं पडलेल्या माणसाला तेवढाच आधार. माझा विरोध ते उत्तर घरच्यांच्या तोंडावर निकाल म्हणून फेकण्याला आहे, आणि तो राहणारच. भाऊ त्या दिवसापासून बहिणीशी बोलत नाही, म्हणतो एआयनं पण मान्य केलंय.
जुळे सोलापूरकरांचं अ-ब-क मी घरी सुचवलंय. आईला लिहिता येत नाही, ती सांगेल तसं मी लिहून घेतोय. पहिलंच वाक्य तिनं सांगितलं ते असं, सही कुणीच करू नका, मी आहे तोवर घर माझं आहे. बहिणीला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं पण पाठवतोय, बाईला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. भावाला सोबत ये म्हणलंय, अजून हो म्हणाला नाही.