बातमी बघून दोन-तीन दिवसांचा ट्रेड: कुणाला जमलंय का? सल्ला हवा

कृष्णाकाठ:
मंडळी, सांगलीत नोकरी करतो. एसआयपी चालू आहे, तिला हात लावत नाही. बातमीवर ट्रेड करायला चाळीस हजार बाजूला काढलेत. कंपनीचे निकाल, ऑर्डर, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असं काही आलं की घ्यायचं आणि दोन-तीन दिवसांत निघायचं. परवा टीव्हीवर पट्टी झळकली, एका कंपनीला १,२०० कोटींची ऑर्डर. ९:४० ला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकली, शेअर तेव्हाच ७ टक्के वर होता. साडेतीनला मी ४ टक्के खाली. बातमी तर खरी होती राव! लवकर बातमी देणारं एखादं पेड ॲप सुचवा. ऑफिसातले एका टेलिग्राम चॅनलचं नाव घेतायत.

जुना_डिमॅट:
ॲपचं नंतर बघू. कंपनीनं एक्सचेंजला दिलेलं मूळ पत्र उघडलंस का? एनएसई-बीएसईच्या साइटवर कॉर्पोरेट अनाउन्समेंट्समध्ये फुकट मिळतं, दोन पानांचं असतं. पत्र किती वाजता चढवलंय, काम किती वर्षांत पुरं करायचंय आणि ऑर्डर हातात पडलीय की नुसते एल-१ (सर्वांत कमी बोलीवाले) ठरलेत, एवढं बघ. मग वर्षाची विक्री काढ.

कृष्णाकाठ:
आत्ता उघडलं. आदल्या संध्याकाळी ६:५२. मुदत ६० महिने. गेल्या वर्षीची विक्री साडेनऊ हजार कोटी.

जुना_डिमॅट:
म्हणजे वर्षाला २४० कोटी, विक्रीच्या अडीच टक्के. तेवढ्यासाठी तू ७ टक्के जास्त मोजलेस, तेही पत्र येऊन जवळजवळ पंधरा तास झाल्यावर. ज्यांनी सव्वानऊला बाजार उघडताच घेतला ते तुलाच विकून गेले.

चिंचवडची_ताई:
माझी गोष्ट ऐका. १ जून २०२४, शनिवार, संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल. सोमवारी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर, २३,२६४ ला बंद. मी शेवटच्या अर्ध्या तासात घेतलं, सगळा गाव घेत होता. मंगळवारी निकाल. निफ्टी १,३७९ अंक पडून २१,८८४. सरकार तेच आलं, पण बाजारानं धरलेल्या जागा आल्या नाहीत. दुपारी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना एका हातानं विकून टाकलं. शुक्रवारी निफ्टी २३,२९०! तेव्हापासून मोठ्या बातमीच्या आदल्या रात्री हातात काही ठेवत नाही. आणि स्टॉपलॉसच्या (भाव ठराविक पातळीखाली गेला की आपोआप विकणारी ऑर्डर) भरवशावर झोपू नका. सकाळी गॅपडाउन, म्हणजे आदल्या बंद भावाच्या बरंच खाली उघडलं की तो मिळेल त्या भावाला सुटतो, लिमिटवाला (ठरल्या भावाखाली न विकणारा) असला तर सुटतही नाही.

थीटा_भाऊ:
ताईंशी सहमत. पतधोरणाला दहाच्या ठोक्याला ऑप्शन (ठरल्या भावाला घ्यायचा-विकायचा हक्क) घेणाऱ्यांनाही हेच सांगतो. दिशा बरोबर येते आणि प्रीमियम (ऑप्शनची किंमत) तरी वितळतो. ६ जून २०२५ चं उदाहरण घ्या. बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, रिझर्व्ह बँकेनं रेपो (बँकांना कर्ज द्यायचा दर) अर्धा टक्का कापला, वर सीआरआर (बँकांनी तिच्याकडे ठेवायची रोख) एक टक्क्यानं. असा धक्का असला तर चाल मिळते. धरलेलंच आलं तर उलट विक्री येते.

सीए_नाशिक:
इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) केलात तर तो सट्टा व्यवसाय, आयकराचा आयटीआर-३ फॉर्म भरावा लागेल. त्यातला तोटा फक्त तशाच नफ्यातून वजा होतो, चार वर्षं पुढे नेता येतो. डिलिव्हरी (शेअर डिमॅटमध्ये) घेऊन वर्षाच्या आत विकलंत तर नफ्यावर २० टक्के. चाळीस हजारांवर ब्रोकरेज आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) धरून हिशेब मांडा, मग ॲपचे पैसे भरा.

जुना_डिमॅट:
टेलिग्रामवाला सेबीकडे नोंदणीकृत आहे का ते सेबीच्या साइटवर तपास. बहुतेक आधी स्वतः घेऊन ठेवतात, मग तुमच्या गळ्यात मारतात.

कृष्णाकाठ:
चॅनल रद्द. पण माल अजून माझ्याकडेच आहे. आज आणखी २ टक्के खाली. कंपनीचे निकाल पुढच्या महिन्यात आहेत, तोवर धरू का?

चिंचवडची_ताई:
किती दिवसांसाठी घेतला होतास?

कृष्णाकाठ:
दोन-तीन.

चिंचवडची_ताई:
आज कितवा?

कृष्णाकाठ:
तिसरा. टाकतो विक्रीची ऑर्डर, लिमिट लावून.