बाबांच्या रिपोर्टमधल्या '२/३४ नोड' चा अर्थ काय?

बाबांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेतल्या लसिका गाठीपण (नोड) काढल्या. रिपोर्टमध्ये '२/३४ नोड पॉझिटिव्ह, ईएनई निगेटिव्ह' लिहिलंय. आई सारखी विचारतेय बरे होतील ना, काय सांगू?

सोलापूरकर: ३४ गाठी तपासल्या, त्यातल्या २ मध्ये कॅन्सर मिळाला. १८ पेक्षा कमी गाठी तपासल्या असत्या तर अंदाज कच्चा राहिला असता, तुमच्याकडे भरपूर आहेत. ईएनई निगेटिव्ह म्हणजे कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर नाही गेला, ही खरंच मोठी चांगली गोष्ट आहे, कारण तो बाहेर गेला की धोका बराच वाढतो आणि मग रेडिएशनसोबत केमोपण द्यावी लागते बहुतेकदा.

मीरा_के: गाठींना फार महत्त्व आहे हो. टाटा मेमोरियलची २०१५ ची ट्रायल बघा, सुरुवातीच्या स्टेजला तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या गाठी काढल्या त्यांच्यात ३ वर्षांनी ८०% पेशंट हयात होते, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यात ६७.५%. पण हे आकडे गटाचे, बाबांचे नाहीत, आईला टक्के सांगू नका प्लीज.

सोलापूरकर: बरोबर. मार्जिन (कापलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर आहे का) आणि गालातला कॅन्सर किती खोल होता तेपण विचारा. रेडिएशन सांगितलं तर ऑपरेशनपासून ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, त्याआधी दात दाखवून घ्या, आणि तंबाखू पूर्ण बंद.