प्रीतिभोजनाची पहिली पंगत कोणाची?

प्रश्न (बीड)
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नाताळच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असते. देणगीदार, पाहुणे आणि पंच यांची पंगत आधी बसते. वस्तीतील गरीब कुटुंबांना त्यांच्यानंतर वाढले जाते आणि त्यालाच आम्ही गरिबांची सेवा म्हणतो. बायबलातील लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो की मित्र, भाऊबंद आणि धनवान शेजारी यांना न बोलावता गरीब, लंगडे आणि आंधळे यांना बोलाव, कारण त्यांना परतफेड करता येत नाही. मग आप्तांना जेवायला बोलावणेच चूक ठरते का? आणि तसे नसेल, तर आमच्या पद्धतीत काही वावगे आहे का?

उत्तर (जालना)
आप्तांना बोलावण्यावर ती बंदी नसावी. येशू स्वतः मार्थेच्या घरी पाहुणा होता आणि जकातदार जक्कयाच्याही घरी उतरला. हे वचन त्याने शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी) एका प्रमुख परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातील माणसाच्या, घरी जेवताना उच्चारले. पाहुणे मानाच्या जागा निवडत आहेत हे पाहून त्याने आधी त्यांना शेवटच्या जागी बसायला सांगितले आणि मगच तो यजमानाकडे वळला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला स्वतः खाली बसवत नाही तो गरिबाला घरी बोलावूनही खालीच बसवणार. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर तुमच्याच मांडवात बसून लिहिल्यासारखा आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनालाच (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीलाच) काही जण आधी जेवून घेत आणि बाकीचे उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना त्याबद्दल खडसावले होते.

उत्तर (लातूर)
देणगीदार नाराज झाले तर पुढच्या वर्षी चूल पेटणार नाही, हेही पाहावे लागते. शिवाय त्याच वचनात नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी फेड होईल असे म्हटले आहे. म्हणजे अपेक्षा उरतेच.

उत्तर (जालना)
उरते, पण ती देवाकडून. जेवणारा मात्र कशाचेच देणे लागत नाही, आभाराचेही नाही आणि आपल्याकडे हमखास निघणाऱ्या फोटोचेही नाही. देणगीदारांविषयी म्हणाल, तर सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाचा ५३वा अध्याय सांगतो की गरीब आणि यात्रेकरू यांच्या स्वागतात विशेष काळजी घ्यावी, कारण धनवानांना तर त्यांचा धाकच मान मिळवून देतो.

उत्तर (केज)
पंगतीचा वाद योग्यच आहे. परंतु आपल्या भागातील पुष्कळ गरीब कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नाताळचे आमंत्रण त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसे? पट्टा पडून (साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपून) माणसे घरी आली की ईस्टरनंतरच्या एखाद्या रविवारी प्रीतिभोजन ठेवावे, सगळ्यांना एकाच पंगतीत बसवावे आणि वाढण्याचे काम पंचांनी करावे.